रुग्णाला दिसते काय? : मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचा एक दुर्लक्षित इतिहास

पहिल्या शुक्रवारी आजारी आणि वृद्ध मंडळींच्या घरी कम्युनियन घेऊन जाण्याची आमची रीत आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका शुक्रवारी आम्ही धर्मग्रामातील एका आजींकडे गेलो होतो. महिन्याभरापूर्वी त्यांच्या उजव्या डोळ्यातील मोतीबिंदू काढला होता. घरात आनंदाचे वातावरण होते. मुलाने शस्त्रक्रियेचे कागद आमच्यापुढे ठेवले. शस्त्रक्रियेपूर्वी ६/६० आणि आता ६/९, असे त्यांवर लिहिलेले होते. "फादर, शस्त्रक्रिया एकदम यशस्वी झाली," तो समाधानाने म्हणाला. आजी मात्र गप्प होत्या. निघताना आम्ही सहज विचारले, "आजी, आता कसं दिसतं?" त्या क्षणभर थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "अक्षरं वाचली हो फादर, सगळी वाचली. पण ओटीची पायरी अजून पायानंच शोधते. आणि मोगऱ्याची कळी काही सुईत जात नाही."

कागदावरचा आकडा खरा होता आणि आजींचे बोलणेही खरे होते. मग शस्त्रक्रियेचे यश मोजायचे कोणत्या मापाने? हा प्रश्न मनात घेऊन आम्ही डोळ्यांच्या वैद्यकाचा इतिहास जमेल तसा वाचू लागलो आणि एक गोष्ट लक्षात आली. मोतीबिंदूवर माणूस दोन हजारांहून अधिक वर्षे उपचार करीत आला आहे, परंतु "तुम्हांला तुमच्या रोजच्या जगण्यात काय दिसते?" असे रुग्णाला रीतसर विचारून त्याचे उत्तर शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर मोजण्याची पद्धत मात्र गेल्या काही दशकांतली आहे. ही पद्धत कशी आली आणि ती येण्यास इतका उशीर का लागला, ते आम्ही येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत. आम्ही वैद्य नाही. परंतु म्हातारपणाच्या उंबरठ्यावर असलेल्यांशी आमचा रोजचा संबंध येतो आणि या विषयात त्यांचे बरेच काही गुंतलेले आहे.

सुई आणि साक्ष

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातील नैसर्गिक भिंगाला आलेला गढूळपणा. बाहुलीमागचे हे भिंग तरुणपणी काचेसारखे नितळ असते. वयाबरोबर ते धुरकट होत जाते. प्राचीन वैद्य ते बाहेर काढीत नसत. सुईने ढकलून ते डोळ्याच्या आत खाली पाडीत, म्हणजे प्रकाशाची वाट मोकळी होई. या क्रियेचे तपशीलवार वर्णन आपल्या सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात आहे. रुग्णाला वस्तूंची रूपे दिसू लागली म्हणजे मगच शलाका हळूहळू बाहेर घ्यावी, असे तेथे सांगितले आहे. त्यानंतर शिंकणे, खोकणे, ढेकर देणे यांवर काही दिवस निर्बंध घातले आहेत. म्हणजे यशाची पहिली खूण रुग्णाच्या दृष्टीतूनच मिळत होती. वैद्यापाशी दुसरे माप नव्हतेच.

परंतु ही साक्ष त्या क्षणाची होती. भारतात विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत गावोगाव हिंडणारे सुईवाले होते. मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयाचे प्रमुख राहिलेले रॉबर्ट हेन्री एलियट यांनी त्यांच्या कामाचा अभ्यास करून १९१७ मध्ये लंडन येथे त्यावर व्याख्याने दिली. सुईवाला भिंग पाडी, लगेच बोटे किंवा एखादी वस्तू रुग्णापुढे धरी, ती दिसली की नातेवाईक हर्षभरित होत, बिदागी देत आणि सुईवाला पुढच्या गावी जाई. डोळ्याला सूज येऊन किंवा आतील दाब वाढून पुढे कित्येकांची दृष्टी कायमची जाई. तेव्हा मात्र विचारणारा कोणी जवळ नसे. रुग्णाला विचारले होते हे खरे. पण ज्या वेळी विचारावयास हवे होते त्या वेळी विचारले नव्हते. शस्त्रक्रियेनंतर किती काळाने विचारावे, याला पुढे इतके महत्त्व का आले, ते या हकिगतीवरून ध्यानात येईल.

युरोपातही हाच प्रकार होता. इंग्लंडचा जॉन टेलर हा फिरता नेत्रवैद्य मोठ्या थाटामाटात राजधान्यांतून हिंडत असे. १७५० च्या वसंतात लाइप्झिग येथे त्याने थोर संगीतकार योहान सेबास्टियन बाख यांच्या डोळ्यांवर दोनदा शस्त्रक्रिया केली. बाख यांची दृष्टी परत आली नाही. उलट सारी प्रकृतीच ढासळली, असे त्यांच्या मृत्युलेखात नमूद आहे. त्याच वर्षी २८ जुलै रोजी त्यांचे निधन झाले. पुढे टेलरने आपले आत्मचरित्र लिहिले, तेव्हा त्यात बाख यांना आपल्या हातून दृष्टी मिळाल्याचे खुशाल लिहून टाकले! शस्त्रक्रियेचा निकाल ज्याने शस्त्रक्रिया केली त्यानेच लिहायचा, या प्रथेचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

एका मुलाचे बोलणे

याच अठराव्या शतकात एक वेगळा वैद्यही झाला. लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयातील विल्यम चेझल्डन यांनी १७२८ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एका मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. हा मुलगा जन्मतः किंवा आठवणीही राहणार नाहीत इतक्या लहानपणापासून आंधळा होता. तेरा-चौदा वर्षांचा असताना त्याच्या डोळ्यांतील मोतीबिंदू सुईने पाडण्यात आले.

चेझल्डन यांनी या मुलाला काय दिसते याचे वर्णन स्वतःच्या कल्पनेने केले नाही. मुलगा जे म्हणाला ते टिपून ठेवले. प्रथम त्याला अंतर कळत नव्हते. त्वचेला वस्तू भिडावी तशी प्रत्येक वस्तू आपल्या डोळ्यांना भिडते आहे, असे त्याला वाटे. मांजर कोणते आणि कुत्रे कोणते हे तो विसरे आणि पुन्हा विचारण्याची त्याला लाज वाटे. तेव्हा एकदा त्याने मांजराला पकडून हाताने चाचपले, त्याच्याकडे टक लावून पाहिले आणि मगच सोडले. पुढच्या वेळी ओळखता यावे म्हणून. सुमारे दोन महिन्यांनी चित्रातील माणसे खरी वाटू लागली. पण हात लावावा तर सपाट! तेव्हा स्पर्श आणि दृष्टी यांतील खोटे कोण बोलते, असा प्रश्न त्याने केला. वर्षभराने त्याला उंच माळावर नेले असता विस्तीर्ण प्रदेश पाहून तो हरखला आणि हे आणखी निराळेच पाहणे आहे, असे म्हणाला. त्याच्या दुसऱ्या डोळ्यावरची शस्त्रक्रिया नंतर झाली आणि त्याने दोन्ही डोळ्यांतील फरकही सांगितला.

तत्त्वज्ञांना ही हकिगत फार मोलाची वाटली. डब्लिनच्या विल्यम मॉलिन्यू यांनी १६८८ मध्ये जॉन लॉक यांना एक कोडे घातले होते. जन्मांध माणसाला एकाएकी दृष्टी आली, तर स्पर्शाने ओळखीचे असलेले गोल आणि चौकोनी ठोकळे त्याला केवळ पाहून ओळखता येतील काय? मॉलिन्यू यांची स्वतःची पत्नी अंध होती. चेझल्डन यांच्या मुलाने या कोड्यावर पुष्कळ प्रकाश टाकला. आमच्या विषयाच्या दृष्टीने मात्र महत्त्वाचे ते वेगळेच. डोळा बरा होणे आणि माणसाला दिसू लागणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट कळण्यासाठी माणसालाच विचारावे लागते, हे या वृत्तान्तात दिसले. परंतु ही वाट पुढे फारशी कोणी चालले नाही. एका मुलाचे बोलणे टिपता येते. हजार रुग्णांचे बोलणे एकमेकांशी ताडून कसे पाहावयाचे? त्यासाठी आकडा हवा होता, आणि तो निराळ्याच दिशेने आला.

उट्रेख्टचा तक्ता

१७४७ मध्ये फ्रान्सच्या झाक डाव्हिएल यांनी गढूळ भिंग खाली न पाडता डोळ्यातून बाहेर काढण्याची शस्त्रक्रिया केली आणि पुढे काही वर्षांनी तिची माहिती पॅरिसच्या शस्त्रवैद्यांच्या अकादमीला सादर केली. आजच्या शस्त्रक्रियेचा पाया तो. शस्त्रक्रिया सुधारत गेल्या तसे त्यांची तुलना करण्याचे साधन हवेसे झाले. ते हॉलंडमधील उट्रेख्टच्या हेर्मान स्नेलेन यांनी १८६२ मध्ये दिले. दवाखान्यात भिंतीवर टांगलेला, वरून खाली लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता तो हाच.

या तक्त्याचे तत्त्व साधे आहे. सामान्य दृष्टीला जे अक्षर ९ मीटरांवरून वाचता येते ते एखाद्याला ६ मीटरांवर यावे तेव्हाच वाचता आले, तर त्याची दृष्टी ६/९. जे ६० मीटरांवरून दिसावे ते ६ मीटरांवर दिसले, तर ६/६०. तक्ता स्वस्त, झटपट आणि जगात कोठेही सारखाच. टेलरसारख्यांच्या बढाईला त्याने चाप लावला. वैद्याने काहीही म्हणावे. तक्त्यावरची ओळ तरी खोटी बोलत नाही.

परंतु प्रत्येक माप जे मोजते तेवढेच सांगते. तक्त्याची परीक्षा बेताच्या उजेडात, पांढऱ्याशुभ्र पृष्ठावरच्या काळ्याकुळकुळीत अक्षरांवर, एका डोळ्याने, स्थिर बसून द्यावयाची असते. आपला दिवस असा जात नाही. भर दुपारी उन्हाने डोळे दिपतात. संध्याकाळी करड्या रस्त्यावरचा करडा खड्डा ओळखावा लागतो. समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांतून वाट काढावी लागते. भिंगाच्या मागच्या बाजूस असलेल्या मोतीबिंदूत तर माणूस तक्त्यावर बरे वाचतो, पण उन्हात आणि जवळच्या वाचनात अगदी हतबल होतो. अशा माणसाने तक्रार केली की घरचे म्हणत, "डॉक्टरांनी तपासले ना? मग काय!" तक्ता आला आणि नकळत रुग्णाचा शब्द मागे पडला.

आपल्याकडे "मोतीबिंदू पिकला का?" असे अजूनही विचारतात. पूर्वीच्या पद्धतीत पूर्ण पिकलेले भिंग काढणे सोपे जाई, म्हणून अंधत्व येईपर्यंत थांबण्याचा सल्ला दिला जाई. कधी शस्त्रक्रिया करावयाची याचा निर्णयही असा डोळ्यावरून होई. माणसाचे काय अडले आहे यावरून नव्हे.

जाड काचांचे दिवस

तक्त्याची उणीव सर्वांत ठळकपणे दिसली ती जाड काचांच्या चष्म्याच्या काळात. आमच्या पिढीला हे चष्मे चांगले आठवतात. भिंग काढून टाकल्यावर डोळ्याची प्रकाश एकवटण्याची शक्ती पुष्कळ कमी होई आणि ती भरून काढण्यासाठी साधारण १० डायॉप्टरची बहिर्वक्र काच लागे. हा चष्मा लावून रुग्ण तक्त्याची शेवटची ओळही वाचू शके. परंतु या काचेतून प्रत्येक वस्तू पाव ते एक तृतीयांश पट मोठी दिसे. दार असे त्याहून जवळ भासे, पेला धरावयास गेलेला हात अलीकडेच थांबे. काचेच्या कडेभोवती एक अंध कडे तयार होई. बाजूने येणारा माणूस आधी दिसत नसे आणि मग एकदम पुढ्यात उगवे. एकाच डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर दोन डोळ्यांतील लहानमोठ्या प्रतिमा जुळत नसत. चष्मा फुटला किंवा हरवला की पुन्हा अंधार. शिबिरांतून शस्त्रक्रिया झालेले कित्येक वृद्ध कागदोपत्री बरे झालेले आणि घरात मात्र भिंतीला धरून चालणारे, असे चित्र गावोगाव होते.

यावरचा उपाय चेझल्डन यांच्याच सेंट टॉमस रुग्णालयात सापडला, हा एक योगायोग. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या प्लास्टिक छताचे तुकडे शिरून राहत. तरी डोळा त्यांना सहसा विरोध करीत नसे. हे ध्यानात घेऊन हॅरल्ड रिडली यांनी त्याच जातीच्या प्लास्टिकचे भिंग घडविले आणि २९ नोव्हेंबर १९४९ रोजी प्रथम रुग्णाच्या डोळ्यात बसविले. व्यवसायबंधूंनी त्यांना वर्षानुवर्षे प्रखर विरोध केला. त्यांना नाइटहूड मिळाले ते २००० साली. दुसऱ्याच वर्षी ते निवर्तले. दरम्यान १९६७ मध्ये अमेरिकेच्या चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी भिंग विरघळवून लहानशा छेदातून शोषून काढण्याची पद्धत आणली.

आता प्रश्न असा उभा राहिला, की जाड चष्मा आणि आतले भिंग यांतील फरक दाखवायचा कसा? तक्त्यावर दोघेही ६/९ वाचतात. फरक होता तो जिना उतरताना, पेला उचलताना, गर्दीत चालताना. आणि तो सांगू शकणारा एकच साक्षीदार होता.

चौदा प्रश्न

ही साक्ष रीतसर घेण्याचे प्रयत्न १९८० च्या सुमारास सुरू झाले. डेन्मार्कमध्ये बर्न्थ-पीटरसन यांनी १९८१ मध्ये मोतीबिंदूच्या रुग्णांना त्यांच्या नित्याच्या कामांविषयी विचारून त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मोठी चालना मिळाली ती मात्र अमेरिकेत, आणि तिचे कारण काही अंशी पैसा हे होते. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी तेथे वर्षाला सुमारे साडेतेरा लाख मोतीबिंदू काढले जात आणि वृद्धांच्या सरकारी विम्यावर त्याचा प्रचंड भार पडे. एवढ्या सर्व शस्त्रक्रिया आवश्यक होत्या काय, त्यांनी माणसांचे नेमके काय भले झाले, असे सरकार विचारू लागले. १९९३ च्या सरकारी मार्गदर्शिकेने सांगितले, की केवळ तक्त्यावरून शस्त्रक्रियेचा निर्णय घेऊ नये. रुग्णाची कोणती कामे अडली आहेत ते पाहावे.

त्यासाठी स्टाइनबर्ग, टील्श, शाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चौदा प्रश्नांची एक यादी तयार केली. ती १९९४ मध्ये 'व्हीएफ-१४' या नावाने प्रसिद्ध झाली. औषधाच्या बाटलीवरील बारीक अक्षरे, वर्तमानपत्र, मोठ्या अक्षरांचे पुस्तक, जवळ आलेल्या माणसाची ओळख, पायऱ्या आणि पदपथाची कड, रस्त्यावरील पाट्या, शिवणकामासारखे बारीक काम, धनादेश किंवा अर्ज भरणे, पत्ते खेळणे, मैदानी खेळ, स्वयंपाक, दूरदर्शन पाहणे, दिवसा गाडी चालविणे आणि रात्री गाडी चालविणे, ही ती चौदा कामे. प्रत्येक कामात अडचण मुळीच नसेल तर ४ गुण, थोडी असेल तर ३, मध्यम असेल तर २, फार असेल तर १ आणि दृष्टीमुळे ते काम करताच येत नसेल तर शून्य. जे काम रुग्ण अन्य कारणांमुळे करीतच नाही ते हिशेबातून वगळायचे. उरलेल्या गुणांची सरासरी काढून तिला २५ ने गुणायचे, म्हणजे शून्य ते १०० च्या दरम्यान एक आकडा मिळतो. समजा, एखाद्या आजींना चौदांपैकी आठच प्रश्न लागू पडले आणि त्यांचे एकूण २० गुण झाले. सरासरी अडीच, म्हणून दृष्टिगुण ६२.५. शस्त्रक्रियेपूर्वी हा आकडा काढायचा आणि काही महिन्यांनी पुन्हा काढायचा. शस्त्रक्रियेने किती दिले ते या दोहोंतील अंतरावरून कळते.

कोलंबस, सेंट लुइस आणि ह्यूस्टन या तीन शहरांतील सातशेहून अधिक रुग्णांना हे प्रश्न विचारले गेले. शस्त्रक्रियेनंतर चार महिन्यांनी काय आढळले? तक्त्याच्या मापाने ९६ टक्के रुग्ण सुधारले होते. चौदा प्रश्नांच्या मापाने ८९ टक्के सुधारले होते. आणि आपल्या दृष्टीबाबतचे समाधान वाढल्याचे सांगणारे होते ८५ टक्के. आकडे तिन्ही चांगलेच आहेत; मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ही वैद्यकाची एक मोठी देणगी आहे, यात संशय नाही. परंतु तिन्ही आकडे एक नाहीत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे रुग्णाचे समाधान चौदा प्रश्नांच्या गुणांशी जुळत होते; तक्त्यावर किती ओळी वाढल्या याच्याशी त्याचा मेळ बसत नव्हता. आमच्या आजी ज्या शंभरांतल्या काही जणांमध्ये मोडत होत्या, त्यांचा शोध असा लागला.

१९९५ मध्ये अमेरिकेतच प्रसिद्ध झालेल्या जॅविट आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखविली. दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झालेल्यांची कामे आणि समाधान एकाच डोळ्याची झालेल्यांपेक्षा अधिक सुधारतात. एक डोळा ठीक झाला, आता दुसऱ्याची काय घाई, असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर होते. खोली आणि अंतर कळण्यासाठी दोन्ही डोळ्यांची साथ लागते.

मदुराईचे प्रश्न

परंतु रात्री गाडी चालविणे आणि धनादेश लिहिणे हे प्रश्न तमिळनाडूच्या खेड्यातील शेतमजूर स्त्रीला काय विचारावयाचे? मदुराईचे अरविंद नेत्ररुग्णालय डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये अवघ्या अकरा खाटांवर सुरू केले. संधिवाताने बोटे वाकडी झालेल्या या शस्त्रवैद्याने निवृत्तीनंतर उभे केलेले ते काम पुढे जगातील सर्वांत मोठ्या नेत्रसेवांपैकी एक झाले. तेथील तज्ज्ञांनी लंडनच्या ॲस्ट्रिड फ्लेचर आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेचे लिऑन एलवाइन यांच्यासह दक्षिण भारतातील रुग्णांसाठी स्वतंत्र प्रश्नावली घडविली. ती १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. रुग्णांपैकी अनेक निरक्षर. म्हणून प्रश्न वाचून दाखवून विचारावयाचे. दृष्टीच्या प्रश्नांत उजेडातून अंधारात जाताना, बाजूचे पाहताना, अंतर जोखताना काय होते ते होते. त्याबरोबर जगण्याचे प्रश्न होते: आंघोळ, जेवण, कपडे घालणे स्वतःचे स्वतः होते काय? शेजारी, शेतावर एकटे जाता येते काय? लग्नकार्याला जाता काय? घरच्यांना आपले ओझे झाले आहे, असे वाटते काय?

वाचकांनी या शेवटच्या प्रश्नापाशी थोडे थांबावे. दृष्टी गेलेल्या वृद्धाला सर्वांत जास्त काय दुखते हे आम्ही कित्येक घरांतून ऐकले आहे. परंतु रुग्णालयाच्या कागदावर त्यासाठी जागा असू शकते, हे आम्हांस ठाऊक नव्हते.

या प्रश्नावलीचा कस लगेच लागला. मदुराई येथे ४० ते ७५ वर्षे वयाच्या, दोन्ही डोळ्यांनी अंध झालेल्या ३४०० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने दोन गट केले. एका गटाचे भिंग काढून जाड चष्मा दिला. दुसऱ्याच्या डोळ्यात कृत्रिम भिंग बसविले. निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांचे जीवन पुष्कळ सुधारले. परंतु रुग्णांच्या स्वतःच्या सांगण्यानुसार भिंग बसविलेल्यांची सुधारणा अधिक होती. गरिबाला चष्मा पुरे, भिंग ही श्रीमंतांची चैन, या समजुतीला हे उत्तर गरिबांनीच दिले होते. अरविंदच्या 'ऑरोलॅब' या संस्थेने १९९२ पासून परदेशी भिंगाच्या किमतीच्या अल्प अंशात भिंगे तयार करण्यास प्रारंभ केला होताच. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ ते २००२ या काळात सात राज्यांत मोतीबिंदू प्रकल्प राबविला गेला. त्यांत महाराष्ट्र होता. दीड कोटींहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या आणि याच वर्षांत आपल्याकडे जाड चष्मा मागे पडून भिंगाचा प्रसार झाला. पुढे २००५ मध्ये भारताच्या निरनिराळ्या भागांतील रुग्णांशी बोलून तयार केलेली तेहतीस प्रश्नांची भारतीय प्रश्नावलीही प्रसिद्ध झाली.

बेरजेतील चूक

प्रश्न विचारले म्हणजे काम संपले असे नाही. चौदा प्रश्नांच्या बेरजेत एक दोष होता. स्वयंपाकातील अडचण आणि रात्री गाडी चालविण्यातील अडचण यांना सारखेच गुण. वस्तुतः स्वयंपाक करता न येणे म्हणजे दृष्टी फारच खालावल्याची खूण. रात्री गाडी चालविताना तर बऱ्या दृष्टीचाही माणूस अडखळतो. डेन्मार्कचे गणितज्ञ गेओर्ग राश यांनी शालेय परीक्षांच्या संदर्भात १९६० मध्ये मांडलेली रीत येथे उपयोगी पडली. प्रत्येक प्रश्न किती अवघड आहे हे उत्तरांवरूनच ठरवून मग गुण काढावयाचे, अशी ती रीत. स्वीडनचे मॅट्स लुंडस्ट्रॉम आणि ऑस्ट्रेलियाचे कॉनराड पेसुडोव्ह्स यांनी तिचा अवलंब करून २००९ मध्ये 'कॅटक्वेस्ट' ही जुनी प्रश्नावली नऊ प्रश्नांवर आणली. वर्तमानपत्र, ओळखीचे चेहरे, दुकानातील किमती, ओबडधोबड जमिनीवरून चालणे, हातकाम, दूरदर्शनच्या पडद्यावरील अक्षरे, आवडीचा छंद, आणि एकूण अडचण व समाधान याविषयीचे दोन प्रश्न. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचे फलित मोजण्यासाठी हीच प्रश्नावली सुचविली.

रुग्णाच्या शब्दालाही मर्यादा आहेत, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. फुकट उपचार मिळालेला गरीब माणूस डॉक्टरांसमोर तक्रार करीत नाही. म्हणून विचारणारा शस्त्रक्रिया करणाऱ्याहून वेगळा असावा. हळूहळू अंधुक होत गेलेल्या दृष्टीची माणसाला सवय होते. आधी किती कमी दिसत होते हे तो विसरतो. म्हणून आधीचे उत्तर आधीच घेऊन ठेवावे. आणि शस्त्रक्रियेने काहीच फरक पडला नाही म्हणणाऱ्यांत शस्त्रक्रियेपूर्वी फारशी अडचण नसलेलेही पुष्कळ आढळतात. त्यांना आधीच विचारले असते, तर कदाचित थांबण्याचाच सल्ला मिळाला असता. तक्ता टाकून द्यावा असे कोणी म्हणत नाही. डोळ्याची साक्ष तक्ता देतो आणि जगण्याची साक्ष माणूस देतो. दोन्ही हव्यात.

आपल्या घरी

संत मार्क यांच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात बेथसैदा येथील अंधाची कथा आहे. प्रभूने त्याच्या डोळ्यांवर हात ठेवल्यानंतर त्यालाच विचारले, की तुला काही दिसते का? त्या माणसाने भीड न धरता खरे ते सांगितले: दिसते, पण माणूस आणि झाड यांतील भेद नीट होत नाही. त्याच्या या उत्तराला कृतघ्नपणा मानले गेले नाही. प्रभूने पुन्हा हात ठेवला आणि मग त्याला स्पष्ट दिसले. प्रवचनात ही कथा आम्ही अनेकदा सांगितली आहे. मात्र मध्येच विचारलेला तो प्रश्न आणि त्याला मिळालेले ते धीट उत्तर यांकडे आमचे लक्ष आजींच्या घरी जाऊन आल्यानंतरच गेले.

आपल्या घरातील वृद्ध सहसा असे धीट उत्तर देत नाहीत. मुलांनी खर्च केला, सुटी काढली, आता आणखी काय सांगावयाचे, असे त्यांना वाटते. स्त्रियांच्या बाबतीत हे अधिक. अनेक देशांत, आणि आपल्याकडेही, गरज असूनही पुरुषांच्या तुलनेत कमी स्त्रियांपर्यंत ही शस्त्रक्रिया पोहोचते, असे अभ्यासांत आढळले आहे. "माझं काय आता राहिलंय?" हे वाक्य आम्ही किती आजींच्या तोंडून ऐकले असेल! म्हणून विचारण्याचे काम घरातल्यांनी करावे. आईला तांदूळ निवडता येतात काय? नाणी ओळखू येतात काय? समोरून आलेला माणूस आवाजाविना ओळखतो काय? तिन्हीसांजेला अंगणात उतरवते काय? प्रार्थनेचे पुस्तक वाचता येते काय? उत्तरे एका कागदावर लिहून शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना दाखवावीत आणि काही महिन्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारावेत. चांगला डॉक्टर याचा राग मानीत नाही.

त्या आजींच्या मुलाला आम्ही एवढेच सांगितले, की पुढच्या तपासणीला पायरीची आणि कळीची गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घाला. त्याने ती घातली. बसविलेले भिंग दूरचे पाहण्याचे असल्यामुळे जवळच्या कामासाठी चष्मा लागेल, असे डॉक्टर म्हणाले. आणि डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू असल्याने पायरीची खोली कळत नाही, तो काढावा. काही महिन्यांनी तोही निघाला.

त्यानंतरच्या एका पहिल्या शुक्रवारी आम्ही गेलो, तेव्हा आजी ओटीवर चष्मा लावून कळ्या ओवीत बसल्या होत्या. आम्हांला पाहून त्या उठल्या आणि पायरी उतरून फाटकापर्यंत आल्या. या वेळी मुलाने कोणताही कागद दाखविला नाही आणि आम्हीही मागितला नाही.